पाय काढला की गाडी बंद: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांच्या टपालात एकच तक्रार फिरून फिरून आली आहे. चालताना गाडी ठणठणीत, उभी केली की बंद. गाड्या वेगळ्या, गावं वेगळी, पण बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखं आहे: ‘मेकॅनिकने स्लो (पाय काढल्यावरची इंजिनाची मंद गती) वाढवून दिला.’ म्हणून या वेळचं सदर याच दुखण्याला दिलं आहे. पुढच्या वेळी लिहिताना गाडीचं साल, कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आहे की एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन), आणि नेमकी केव्हा बंद पडते (थंड असताना, तापल्यावर, एसी लावल्यावर, ब्रेक दाबल्यावर) एवढं जरूर कळवा. निम्मं निदान त्यातच होतं.

प्रश्न: माझी मारुती ८०० आहे, १९९६ची, कार्बोरेटरवाली. सकाळी चोक ओढला की लगेच चालू होते. पंधरा-वीस मिनिटं चालून इंजिन तापलं, की रेल्वे फाटकावर किंवा बाजारात थांबल्यावर धडधडून बंद पडते. रेसवर थोडा पाय ठेवला तर चालू राहते. मेकॅनिकने स्लो वाढवला. आता इंजिन नुसतं ओरडतं, आणि तरीही कधी कधी बंद पडतंच. तो म्हणतो, ‘‘कार्बोरेटरच बदली टाका, भाऊ.’’ बदलू का?
— वाचक, अमळनेर

बदलू नका. निदान खालचं सगळं तपासून होईपर्यंत तरी नाही.

तुमच्या पत्रातच दोन चांगले धागे आहेत. चोकवर गाडी चालते आणि पाय ठेवला की चालते. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त. म्हणजे थंड इंजिनाला जे कमी पडतंय ते चोक भरून काढतो, आणि चोक आत गेला की उणीव उघडी पडते. याची खात्री एका मिनिटात करता येते. तापलेलं इंजिन मरायला टेकलं की चोकचा नॉब बोटाच्या पेराएवढाच ओढा. इंजिन सावरलं तर मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) लीन आहे, त्यात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे कुठून तरी फालतू हवा घुसतेय किंवा स्लोचं पेट्रोल कमी येतंय. उलट आणखी गुदमरलं, मागून काळा धूर आला, तर मिक्स्चर रिच आहे, पेट्रोल जास्त होतंय. मग फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या भागाची) पातळी, अर्धवट मिटलेली राहणारी चोकची पट्टी आणि चोंदलेला एअर फिल्टर बघायचा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनी फिल्टर महिन्यातून एकदा काढून बघावा. तूस आणि काळ्या मातीची धूळ मिळून त्यावर जाड थर बसतो.

तुमच्या वर्णनावरून मिक्स्चर लीन वाटतं. तेच धरून पुढे जाऊ.

पहिलं काम म्हणजे वाढवलेला स्लो परत उतरवा. का, ते समजून घेण्यासारखं आहे. बटरफ्लाय (रेसने उघडणारी, हवेच्या वाटेतली पाकळी) जवळपास मिटलेली असते तेव्हा मेन जेटमधून (पेट्रोलच्या मुख्य छिद्रातून) पेट्रोल ओढलंच जात नाही. त्या वेळी इंजिनाचं पोट भरतं ते पायलट जेटवर, म्हणजे स्लोच्या बारीक छिद्रावर. तिथून एका वेगळ्या बारीक वाटेने, मिक्स्चर स्क्रूच्या टोकाशेजारून, पेट्रोल बटरफ्लायच्या खाली उतरतं. स्लो स्क्रू आवळला की बटरफ्लाय किंचित उघडते, तिच्या कडेला असलेली वरची छिद्रं उघडी पडतात आणि इंजिन त्यांच्यावर चालायला लागतं. मूळ वाट तुंबलेली ती तुंबलेलीच राहते, पेट्रोल मात्र जास्त जळतं. असा स्लो वाढवलेला असताना मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, आवाजात फरक पडत नाही. गाडी दुसऱ्याकडून घेताना हीच युक्ती वापरून बघा. तापलेल्या इंजिनात मिक्स्चर स्क्रू हळूहळू पूर्ण आत नेला आणि इंजिन बंदच पडलं नाही, तर स्लोच्या वाटेत काहीतरी गडबड आहे.

आता सोलेनॉइड. कार्बोरेटरला एक छोटी डबीसारखी वस्तू बसवलेली असते आणि तिला वायर जाते. चावी बंद केली की ती स्लोचं पेट्रोल तोडते, चावी चालू केली की सोडते. इंजिन बंद ठेवून डबीवर बोट ठेवा आणि दुसऱ्याला चावी चालू-बंद करायला सांगा. दर वेळी ‘टक्’ जाणवलं पाहिजे. ही तपासणी इंजिन चांगलं तापलेलं असताना करा, कारण आतली कॉइल पुष्कळदा तापल्यावरच दगा देते आणि गार झाली की शहाण्यासारखी वागते. टक् होत नसेल तर वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर सोलेनॉइड गेलं. लॅम्प पेटत नसेल तर फ्यूज आणि वायरिंग बघा, सोलेनॉइडला दोष देऊ नका. पाय ठेवला की चालते आणि काढला की जागच्या जागी बंद पडते, अशा गाड्यांत ही एक डबी बऱ्याचदा गुन्हेगार निघते. काही ठिकाणी तिची सुई कापून टाकायचा जुगाड करतात. तसं केलं की चावी काढल्यावरही इंजिन खोकत चालू राहतं. नवीनच बसवा.

सोलेनॉइड चांगलं असेल तर हवेची गळती शोधा. स्लोला बटरफ्लाय मिटलेली असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्यात) ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, सगळ्यात जास्त असते. व्हॅक्यूम गेज लावलं तर आपल्याकडच्या उंचीवर चांगल्या इंजिनात काटा १६ ते २० इंचांच्या दरम्यान स्थिर दिसतो. आत जाणारी एकूण हवा मात्र तेव्हा अगदी थोडी असते. म्हणून पेन्सिलीच्या शिशाएवढं भोकसुद्धा स्लोला इंजिन बंद पाडतं, आणि रेस दिली की त्याच भोकाचा पत्ताही लागत नाही. इंजिन चालू ठेवून रबरी नळ्या एकेक करून पकडीने चिमटा: डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणारी), बूस्टर (ब्रेकला जोर देणारी डबी) असेल तर ब्रेकची. पकडीच्या जबड्यांना फडकं गुंडाळा, नाहीतर जुनं रबर तिथेच तुटेल. जी नळी चिमटल्यावर इंजिन एकदम सावरतं, ती नळी किंवा तिच्या टोकाचा भाग हवा घेतोय. पीसीव्हीच्या नळीने थोडी हवा जातच असते, म्हणून ती चिमटल्यावर किंचित फरक पडला तर घाबरू नका.

यानंतर कार्बोरेटरची बैठक. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गास्केट असते. कोणीतरी एकाच बाजूचा नट दाबून आवळलेला असतो, बूड वाकतं, आणि इंजिन तापलं की फट वाढते. थंड असताना सगळं ठीक, गरम झाल्यावर बंद, याचं हे एक ठरलेलं कारण. ते शोधायला फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या आणि स्लोला चालणाऱ्या इंजिनाच्या जोडांवर थोडं थोडं मारा. पाणी आत ओढलं गेलं की क्षणभर आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी सांभाळा. पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारून गळती शोधणारे पुष्कळ आहेत, पण तापलेला एक्झॉस्ट जवळच असतो. एवढ्यासाठी गाडी पेटवून घ्यायची गरज नाही. बूड वाकलंय का ते कार्बोरेटर उलटा करून जाड काचेच्या तुकड्यावर ठेवला की कळतं.

जेटची सफाई त्यानंतर. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. जेट काढून उजेडाकडे धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंका, उलट्या बाजूनेही फुंका. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग हीच गाडी काळा धूर टाकायला लागते. जेटच्या पुढची वाट, म्हणजे मिक्स्चर स्क्रू काढून त्याचं छिद्र, हीसुद्धा हवेने मोकळी करा. पुष्कळ जण फक्त जेट साफ करून कार्बोरेटर बंद करतात आणि कचरा पुढच्याच वळणावर बसलेला असतो. जोडल्यावर कार्बोरेटरच्या काचेच्या खिडकीतून पेट्रोलची पातळी बघा. ती मधल्या गोल खुणेशी हवी.

शेवटी ट्यूनिंग. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण आत, दिवे-पंखा बंद. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या आणि अडीच वळणं बाहेर काढा. आत नेताना जोर लावला तर त्याच्या सुईवर कड उमटते आणि मग ट्यूनिंग कधीच बसत नाही. स्लो स्क्रूने इंजिन ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेरे) आणा. आता मिक्स्चर स्क्रू थोडा थोडा फिरवून जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो ती जागा शोधा, स्लो परत ९००वर उतरवा आणि हे दोन-तीनदा करा. या गाडीत आरपीएमचा काटा नसतो, म्हणून टॅकोमीटर असलेला मेकॅनिक गाठा. कानावर ट्यूनिंग करणारे उस्ताद आहेत, नाही असं नाही, पण कानाला ९०० आणि ११०० यांतला फरक दर वेळी कळतोच असं नाही. नंतर पीयूसीवाल्याकडे जाऊन कार्बन मोनॉक्साइडचा आकडा विचारा. भारत स्टेज-२च्या आधीच्या चारचाकीला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. १ ते २ टक्के आला तर ट्यूनिंग चांगलं बसलं. अर्धा टक्काही येत नसेल आणि इंजिन थरथरत असेल, तर अजून लीन आहे.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार जुन्या गाड्यांच्या बाबतीत फारसा कोणी करत नाही. २०२३पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, या पेट्रोलला सुमारे १३.५. कार्बोरेटरचे जेट ठरलेले असतात, त्यांना यातलं काही कळत नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वी अचूक बसवलेला मिक्स्चर स्क्रू आज काहीही न बिघडता लीन ठरतो. पाव ते अर्ध वळण बाहेर काढल्यावर काही गाड्या एवढ्यानेच सुधारतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवून पुढे ढकलतं, त्यामुळे सुरुवातीला पेट्रोल फिल्टर लवकर बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबून बघा. चिकट, फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या असतील तर बदलून टाका.

एवढं करूनही स्लो बसत नसेल तर प्लग (गॅप ०.७ ते ०.८ मिमी), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) बघा. तीन सिलिंडरांच्या आकड्यांत १ किलोपेक्षा जास्त फरक असेल, तर नवा कार्बोरेटर आणूनही काही होणार नाही.

प्रश्न: २००५ची वॅगन आर, एमपीएफआय. चौकात थांबायला क्लच दाबला की इंजिन एकदम खाली बसतं आणि बंद पडतं. सेल्फ मारला की लगेच चालू. बॅटरी बदलल्यापासून त्रास वाढला. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. ‘सेन्सर गेला’ म्हणून दोन सेन्सर बदलून झाले, फरक शून्य.
— वाचक, भुसावळ

बॅटरीचा उल्लेख केलात ते फार बरं केलंत. सगळी गोम तिथेच आहे.

तुमच्या गाडीत स्लो सांभाळायचं काम एक छोटा व्हॉल्व्ह करतो. बटरफ्लाय मिटलेली असताना हवा तिला वळसा घालून या व्हॉल्व्हमधून जाते आणि कॉम्प्युटर तो किती उघडायचा ते ठरवतो. वर्षानुवर्षं बटरफ्लायच्या कडेला आणि व्हॉल्व्हच्या वाटेत काळा, चिकट कार्बन साचतो. हवा कमी पडते तसा कॉम्प्युटर व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो आणि तो हिशेब लक्षात ठेवतो. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत हा हिशेब पुसला जातो. व्हॉल्व्ह परत कारखान्यातल्या मापाने उघडतो, पण वाट तर कार्बनने अरुंद झालेली. म्हणून क्लच दाबल्यावर आरपीएम खाली येताना तो वेळेवर सावरला जात नाही.

उपाय: इंजिन थंड, चावी बंद. एअर फिल्टरपासून येणारी मोठी नळी काढा. रेसची केबल हाताने ओढून बटरफ्लाय उघडी धरा आणि फडक्यावर थ्रॉटल बॉडी क्लीनर घेऊन पाकळीच्या दोन्ही बाजू आणि तिच्या कडेचं काळं कडं पुसा. मागची बाजू विसरू नका, कडं तिथेच जाड असतं. व्हॉल्व्ह काढून त्याची वाट आणि टोक साफ करा. त्याच्या मोटरवर क्लीनर ओतू नका आणि टोक बोटाने आत ढकलू नका. जोडताना गास्केट नवीन घाला. मग एसी बंद ठेवून गाडी पूर्ण तापेपर्यंत स्लोला चालू द्या, नंतर एसी लावून आणखी पाच-सात मिनिटं. या वेळात रेस देऊ नका, कॉम्प्युटरला आपला हिशेब नव्याने बसवू द्या. बटरफ्लायच्या बाजूचा सील केलेला स्क्रू मात्र कोणालाही फिरवू देऊ नका. तो स्लोचा स्क्रू नव्हेच.

दिवा लागत नाही, हे ‘सगळं ठीक’ असल्याचं लक्षण असेलच असं नाही. चावी चालू केल्यावर, इंजिन चालू होण्याआधी तो लागला पाहिजे. तेव्हाही लागत नसेल तर बल्ब गेलाय, किंवा गाडी विकताना कोणीतरी काढून ठेवलाय.

सफाईनंतरही त्रास राहिला तर स्कॅनर लावा, पण नुसता कोड बघून परत येऊ नका. चालू इंजिनाचे आकडे बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेएवढंच दिसलं पाहिजे. जानेवारीच्या सकाळी १५ अंश असताना स्कॅनर ६० दाखवत असेल, तर तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय. हा सेन्सर मल्टिमीटरनेही तपासता येतो: २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० अंशांना सुमारे ३०० ओहम. मॅनिफोल्डचा दाब स्लोला ३० ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान हवा. ५०च्या पुढे असेल तर हवेची गळती, घट्ट टॅपेट किंवा चुकलेलं टायमिंग यांपैकी एक. आणि फ्युएल ट्रिमचा आकडा (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो): स्लोला तो +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर हवेची गळती. याच्या उलट, रेस दिल्यावर वाढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दमलाय. दोन सेन्सरांचे पैसे घालवण्याआधी हे दहा मिनिटांचं काम झालं असतं. ‘सेन्सर गेला’ हे आजकालचं ‘कार्बोरेटर बदला’ झालं आहे.

आणि स्लोलाच नव्हे, चालता चालताही इंजिन कापल्यासारखं बंद होत असेल आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावर चालू होत असेल, तर ते वेगळं दुखणं. तिथे क्रँक किंवा कॅमचा सेन्सर, इग्निशन कॉइल आणि पंपाचा रिले या बाजूने शोधा.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे. हिवाळ्यात तक्रार नाही. मे महिन्यात जळगावहून परत येताना वाटेत दहा मिनिटं थांबलो, की पुन्हा चालू केल्यावर स्लोला टिकत नाही. इंजिनावरच्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं की चालते.
— वाचक, चोपडा

ओल्या फडक्याने चालते म्हणजे निदान तुम्हीच केलंत. ४५ अंशांच्या हवेत इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, कारण पंखा आणि पाणी दोन्ही थांबलेलं असतं. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणखी लवकर वाफाळतं.

पंप आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड ठोकळा जागेवर आहे का बघा. पंप बदलताना तो टाकून दिलेला असतो, हे जुन्या गाड्यांत नेहमीचं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून चार बोटं लांब न्या, जमत नसेल तिथे उष्णतारोधक आवरण घाला. रेडिएटरची जाळी बाहेरून धुवा, पंख्याचा पट्टा ताणा. थांबणार असाल तेव्हा इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर स्लोला चालू द्या, आणि थांबल्यावर बॉनेट उघडा. पुन्हा चालू करताना रेस पंप करू नका. वाफेच्या दाबाने कार्बोरेटरमधून पेट्रोल आधीच मॅनिफोल्डमध्ये सांडलेलं असतं. पेडल पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

फडक्याने फरक पडला नाही असा दिवस आलाच तर दोन गोष्टी तपासा. टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी नीट चालली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. दुसरं म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर, जो उन्हाळ्यातच मरतो. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरगळलेली असेल आणि पॉइंट जळून काळे-पांढरे पडले असतील, तर कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदला, गॅप ०.४५ मिमीच्या आसपास ठेवा आणि त्यानंतर टायमिंग परत बसवा. गॅप बदलला की टायमिंग हलतंच.

प्रश्न: १९९८ची झेन, कार्बोरेटर. एसी लावला की स्लोला बंद.
— वाचक, शहादा

एसीचं ओझं पेलायला स्लो आपोआप वाढवणारी एक व्हॅक्यूमची डबी कार्बोरेटरजवळ असते. तिच्यापर्यंत व्हॅक्यूम सोडायचं काम विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह करतो. एसी लावताना डबीचा दांडा हलताना दिसला पाहिजे. हलत नसेल तर तिच्या नळीला तोंडाने ओढ देऊन बघा: ओढ टिकत नसेल तर डबीचा पडदा फाटलाय, टिकत असेल तर व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर. दांडा हलत असूनही इंजिन बसत असेल तर एसीच्या कंडेन्सरचा (पुढच्या जाळीचा) पंखा फिरतोय का ते आधी बघा. तो बंद असला की आपल्या उन्हात एसीचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाला आवळून धरतो. गॅस जास्त भरला तरी हेच होतं.

प्रश्न: ओम्नीला एलपीजी किट आहे. पेट्रोलवर स्लो छान, गॅसवर थांबलं की बंद.
— वाचक, रावेर

पेट्रोलवर चांगली आहे म्हणजे प्लग, टॅपेट आणि हवेची गळती बहुतेक ठीक आहेत. बहुतेक म्हणतो, कारण गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते. पेट्रोलवर निभावून नेणारा थकलेला प्लग गॅसवर हार खातो. आधी नवे प्लग आणि स्वच्छ एअर फिल्टर. मग रेड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारी डबी) हात लावून बघा (आधी जपून, तापलेला असतो). इंजिन तापल्यावर तोही गरम झालाच पाहिजे, कारण द्रव गॅसची वाफ करायला त्याला रेडिएटरचं गरम पाणी लागतं. तो गार असेल किंवा बाहेरून दव-बर्फ धरत असेल तर पाणी कमी आहे किंवा नळी तुंबली आहे. रेड्यूसर गरम असेल तर त्याच्या तळाशी साचलेलं काळं तेल काढायला लावा, गॅसचा फिल्टर बदला आणि मगच स्लोच्या स्क्रूला हात घाला. हे काम किटच्या माणसाकडूनच करून घ्या आणि नंतर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून गळती बघायला सांगा.

प्रश्न: गाडी लग्नसराईलाच बाहेर निघते. आठ महिने उभी होती. आता चालू होते आणि लगेच बंद पडते.
— वाचक, चाळीसगाव

टाकीतलं पेट्रोल शिळं झालंय, आणि पावसाळा गेला असल्याने त्यात पाणीही असण्याची शक्यता आहे. इथेनॉल पाणी शोषतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा, वरून नवं ओतून भागणार नाही. पेट्रोल फिल्टर बदला. एअर फिल्टरची पेटी उघडा, उंदराने घर केलेलं असतं. आणि व्हॅक्यूमच्या नळ्या बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा. कुरतडलेली नळी वरून दिसत नाही, खालच्या बाजूने खाल्लेली असते. टाकीत ओतायच्या ‘क्लीनर’ बाटलीबद्दलही तुम्ही विचारलंय. पाण्यावर आणि उंदरावर तिचा उपयोग नाही.

प्रश्न: एमपीएफआय गाडी. एरवी स्लो उत्तम, पण पंपावर टाकी फुल्ल केली की निघताना दोन-तीनदा बंद पडते.
— वाचक, धुळे

टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. त्याच्या दोन्ही नळ्या काढून फुंका. चावी बंद असताना हवा आरपार जाता कामा नये. जात असेल तर बदला. आणि नोझल ‘टक्’ करून थांबल्यावर गळ्यापर्यंत भरायचा आग्रह सोडा, जादा पेट्रोल वाफेच्या डबीत शिरतं.

प्रश्न: जुनी एस्टीम. स्लोला ठीक उभी राहते, पण ब्रेक दाबून धरला की इंजिन थरथरतं, कधी बंद पडतं. पेडलजवळ बारीक सूं असा आवाज येतो. कार्बोरेटर दोनदा साफ झाला.
— वाचक, नंदुरबार

कार्बोरेटरला सोडा. ब्रेकच्या बूस्टरचा पडदा फाटला आहे. पेडल दाबलं की बाहेरची हवा त्या फाटक्या पडद्यातून सरळ मॅनिफोल्डमध्ये जाते. खात्री करायला इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. चांगल्या बूस्टरचं पेडल पायाखाली थोडं खाली बसतं, तुमचं बसणार नाही. दुसरी तपासणी म्हणजे बूस्टरची जाड नळी चिमटून ब्रेक दाबायचा. इंजिन थरथरायचं थांबलं तर शंकाच नको. ही तपासणी गाडी जागेवर उभी, चाकांना दगड लावून करा, कारण नळी चिमटलेली असताना ब्रेकला नेहमीच्या कितीतरी पट जोर लागतो. पडदा पूर्ण गेला की रस्त्यावरही तेच होईल. कोंडाईबारीचा उतार तर दूरच, बूस्टर बदलेपर्यंत गाडी गावातसुद्धा चालवू नका, आणि बदलताना नळीतला एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्हही नवा घाला.